सह्याद्रीचे पॅनोरामा: काढणं, जोडणं, पाठवणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पाऊस उघडला, हवा धुऊन निघाली की गडांवर जाणाऱ्यांचे निरोप यायला लागतात. "ताई, फोटो जुळत नाहीत." "ताई, आकाशात पट्टे आलेत." इतकी वर्षं एकेकाला उत्तरं देत आले, आता तीच एका जागी मांडली आहेत. उदाहरणं राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई अशा ओळखीच्या जागांची घेतली आहेत. आकडे २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचे आणि ३५ मिलिमीटर लेन्सचे आहेत. फोनचं गणित वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. फोनमध्ये पॅनोरामा मोड आहेच की. मग सुटे फोटो काढून जोडायचे कशाला?

मोड वाईट नाही. आयफोनमध्ये तो २०१२ साली आयओएस ६ बरोबर आला आणि आयफोन ६एस पासून ६३ मेगापिक्सेलपर्यंतची पट्टी देऊ लागला. घाईत असाल, पाऊस अंगावर येत असेल, तर खुशाल तोच वापरा. पण तो मोड बारीक उभ्या चिरा घेतो आणि तिथल्या तिथे जोडून टाकतो. हात हलला की तटबंदीला पायरी पडते, आणि ती नंतर काढता येत नाही, कारण मूळ फोटो हातात राहिलेलेच नसतात. सुटे फोटो असतील तर चुकलेला जोड पुन्हा करता येतो. दहा वर्षांनी सॉफ्टवेअर सुधारलं तर तेव्हाही करता येतो. माझे राजगडाचे सगळ्यात चांगले पॅनोरामा असेच, जुन्या फोटोंतून पुन्हा जोडलेले आहेत.

२. किती फोटो काढायचे? आणि कॅमेरा उभा धरायचा की आडवा?

उभा. आडवा धरलात तर लांबच लांब, पण उंचीला बारकी चिंधी हाती येते. वर आकाश तुटतं, खाली दरी तुटते.

३५ मिलिमीटर लेन्स उभी धरली की एका फोटोत साधारण ३८ अंश रुंदी मावते. शेजारच्या दोन फोटोंमध्ये ३० टक्के भाग सामाईक ठेवला, तर प्रत्येक नव्या फोटोने सुमारे २६ अंश पुढे सरकता. म्हणजे १८० अंशांना सात फोटो. ५० मिलिमीटरला दहा. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद असते, त्यामुळे फोन उभा धरून पाच फोटोंत काम होतं. मी दोन्ही टोकांना एकेक फोटो जास्तीचा घेते, कारण कडा कापताना नेमका हवा तो सुळका जातो.

सामाईक भाग ३० टक्क्यांहून कमी ठेवू नका. नुसतं धुकं आणि गवत समोर असेल तर ५० टक्के ठेवा (का ते प्रश्न ८ मध्ये).

३. सेटिंग काय ठेवू? ऑटोवर चालेल का?

नाही. पॅनोरामा बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. ऑटोवर असलेला कॅमेरा प्रत्येक फोटोला नवा विचार करतो. कळसूबाईच्या माथ्यावरचा माझा पहिला पॅनोरामा अकरा फोटोंचा होता. व्हाइट बॅलन्स (रंगांचा निळा-पिवळा समतोल) ऑटोवर राहिला होता. अलंग-मदन-कुलंगची बाजू निळसर आली, भंडारदऱ्याच्या पाण्याची बाजू पिवळट. ती मालिका अजून पूर्ण जुळलेली नाही.

म्हणून मोड मॅन्युअल, छिद्र एफ/८, आयएसओ १०० किंवा २००, आणि शटर निदान १/२५०, कारण गडावर वारा असतो. उजेड मोजायचा तो दृश्यातल्या सगळ्यात उजळ ढगावर. तो पांढराफटक झाला की त्यातला तपशील परत मिळत नाही. व्हाइट बॅलन्स "डेलाइट"वर. फोकस एकदा लांबच्या डोंगरावर करून घ्या आणि मॅन्युअलला टाका. एफ/८ ला साधारण पाच मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं नेटकं येतं. एफ/१६ वर जाऊ नका, सगळा फोटोच किंचित मऊ पडतो. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) सोय असेल तर रॉ.

फोनवर पडद्यावर बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस दोन्ही अडकतात. "प्रो" मोड असेल तर तो जास्त चांगला.

४. यासाठी नवा कॅमेरा घ्यावा का? २०० मेगापिक्सेलचा फोन पुरेल का?

पॅनोरामासाठी नवा कॅमेरा घेऊ नका, हे मी मनापासून सांगते. जुना १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि सोबत मिळालेली १८-५५ लेन्स असली तरी भागतं. स्वस्त लेन्सचे कोपरे मऊ असतात खरे, पण कोपऱ्यांचा बराचसा भाग जोडताना शेजारच्या फोटोखाली जातो.

२०० मेगापिक्सेलचं म्हणाल तर असे सेन्सर नेहमीच्या फोटोत सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलच देतात. पूर्ण २०० चा फोटो भर उन्हात बरा येतो, संध्याकाळी कुरकुरीत दाणे दिसतात. फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने. फुल-फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिलिमीटर. महागड्या फोनमधला एक इंची सेन्सर १३.२ × ८.८, म्हणजे क्षेत्रफळाने साधारण सातवा हिस्सा. सावलीतल्या कातळाचे थर कोण दाखवतो, हे इथे ठरतं.

फोनची एक खोड मात्र लक्षात ठेवा. तो प्रत्येक फोटोवर स्वतःची रंगसफेदी करतो. एचडीआर (उजळ-गडद भाग आपोआप सारखे करायची सोय) बंद करता येत असेल तर बंद करा, नाहीतर तीच दरी एका फोटोत गडद आणि दुसऱ्यात फिकी येते.

५. ट्रायपॉड वर वाहून न्यायलाच हवा का?

दिवसाउजेडी, लांबचं दृश्य असेल तर नको. पहाटे, सूर्यास्तानंतर किंवा कॅमेऱ्याजवळ काही असेल तेव्हा हवा. हातात धरून काढताना पाय न हलवता कमरेतून वळू नका. कॅमेरा जागच्या जागी ठेवा आणि त्याच्याभोवती तुम्ही छोट्या पावलांनी फिरा. कड्याच्या धारेवर हे करू नका. दोन पावलं मागे या, फोटोत काहीही कमी होत नाही.

६. लांबचे डोंगर मस्त जुळतात, पण जवळचा बुरूज तुटतो. असं का?

एक डोळा मिटून समोर बोट धरा, मग दुसरा मिटा. बोट उडी मारतं, मागची भिंत जागेवरच राहते. कॅमेरा वळवताना लेन्स जागची सरकली की हेच होतं. त्याला पॅरॅलॅक्स म्हणतात.

किती होतं ते पाहा. वळताना लेन्स १० सेंटिमीटर सरकली असं धरू. एक मीटरवरचा दगड फोटोत सुमारे ६०० पिक्सेल सरकतो. शंभर मीटरवरचा बुरूज ६ पिक्सेल. एक किलोमीटरवरची माची अर्धा पिक्सेल. म्हणून तोरणा जुळतो आणि पायाजवळची तटबंदी तुटते. सॉफ्टवेअर बदलून हे जात नाही.

तीन उपाय आहेत. जवळचं काही फोटोत घेऊच नका. घ्यायचंच असेल तर ते एकाच फोटोच्या मधोमध ठेवा, सामाईक भागात येऊ देऊ नका. किंवा ट्रायपॉडवर सरकपट्टी लावून कॅमेरा इतका मागे घ्या की तो लेन्सच्या आतल्या प्रवेश-छिद्राभोवती (लेन्समध्ये पुढून पाहिलं की दिसणारं छिद्र) फिरेल. ती जागा घरी शोधता येते. खिडकीचा गज आणि समोरच्या इमारतीची कड एका रेषेत आणा आणि कॅमेरा डावीउजवीकडे वळवा. गज कडेपासून सुटला तर कॅमेरा पुढेमागे सरकवा. सुटेनासा झाला की पट्टीवर पेनाने खूण करा. खूण त्या लेन्सची आणि त्याच झूमची. लेन्स बदलली की पुन्हा.

७. जोडायला कोणतं सॉफ्टवेअर? फुकट आहे का काही?

हगिन. फुकट, मुक्त स्रोत, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर चालतं. त्याचं मूळ हेल्मुट डेर्श यांनी १९९८ मध्ये लिहिलेल्या पॅनोरामा टूल्समध्ये आहे. पहिल्यांदा उघडलं की बटणांनी दडपायला होतं, पण साध्या रूपात तीनच पायऱ्या आहेत: फोटो भरा, जुळवा, तयार करा.

लाइटरूम ज्यांच्याकडे आहे त्यांना २०१५ पासून त्यातच जोडता येतं आणि जोड रॉसारखाच राहतो, रंग नंतर नीट करता येतात. सोपं काम तिथे करा. अडलं की हगिन किंवा पीटीगुई (हे विकतचं). मायक्रोसॉफ्टचं फोटो जोडायचं आयसीई खूप चांगलं होतं, पण कंपनीने ते देणं बंद केलं आहे. कुठल्यातरी अनोळखी साइटवरून उतरवून घेऊ नका.

८. सॉफ्टवेअर म्हणतं, "फोटो जुळत नाहीत." मला तर डोळ्यांनी जुळताना दिसतात!

डोंगर आपण कसे ओळखतो? बुधला माचीवरचा तो उलट्या बुधल्यासारखा सुळका दिसला की हा तोरणा. सॉफ्टवेअरही असंच करतं. दोन्ही फोटोंतले ठळक कोपरे, भेगा, टोकं शोधतं आणि जोड्या लावतं. डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडलेली सिफ्ट ही पद्धत या कामाचा पाया. तिच्यामुळे फोटो वळलेला किंवा लहानमोठा असला तरी खूण ओळखू येते.

समोर नुसतं धुकं असेल तर खूण कशाला म्हणायचं? हिरव्या गवताचं पठार असेल तर सगळ्या खुणा सारख्याच. ढगांवर खुणा पडल्या तर आणखी वाईट, कारण पुढच्या फोटोपर्यंत ढग सरकलेला असतो. हगिनमध्ये ढगांवरच्या खुणा काढून टाकायची सोय आहे, तिचं नाव सेलेस्ट. तेवढ्याने भागलं नाही तर स्वतः खुणा लावा. दोन फोटो शेजारी ठेवून तोच दगड दोन्हीकडे टिचका, अशा पाच-सहा जोड्या. दहा मिनिटं जातात, पण पावसाळ्यातले माझे निम्मे पॅनोरामा असेच वाचले आहेत.

९. निळ्या आकाशात उभे गडद पट्टे येतात. कॅमेरा खराब आहे का?

नाही. उजेड अडकवलेला नसेल तर प्रश्न ३ पाहा. अडकवलेला असूनही पट्टे येत असतील तर ते लेन्सच्या कडांच्या काळोखीमुळे. एफ/८ वर ती कमी होते आणि उरलेली सॉफ्टवेअर काढतं.

तिसरं कारण पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करायला लेन्सवर लावतात तो फिल्टर. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश त्याने सगळ्यात गडद होतं, म्हणून रुंद दृश्यात आकाशाच्या एका भागात शाईचा डाग पडल्यासारखं दिसतं. पॅनोरामाआधी तो काढून खिशात ठेवा.

१०. क्षितिज हसल्यासारखं वाकतं. सरळ कसं करू?

कॅमेरा खाली किंवा वर कलवून फिरवलात की असं होतं. काढतानाच क्षितिज फोटोच्या मध्यावर ठेवा. नंतर दुरुस्त करायचं तर हगिनमध्ये मंदिराचा खांब, ध्वजस्तंभ अशा खरोखर उभ्या असलेल्या वस्तूंवर उभ्या रेषेच्या खुणा लावा आणि पुन्हा जुळवा. डोंगराच्या धारेवरून क्षितिज ठरवू नका. धार सरळ असेलच असं नाही.

११. कोकणकड्याचा पॅनोरामा काढला, पण कडा सरळ भिंतीसारखा दिसतो. त्याची वाटी कुठे गेली?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि मला फार आवडतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आतल्या बाजूने वळलेला आहे आणि तुम्ही त्याच वळणावर उभे असता. रुंद पॅनोरामा म्हणजे तुमच्याभोवती गुंडाळलेला कागद उलगडून जमिनीवर पसरणं. कागद सरळ झाला की त्यावरचं वळणही उलगडतं. उलट, राजगडाच्या संजीवनी माचीची सरळसोट तटबंदी जवळून काढलीत तर ती धनुष्यासारखी फुगते. दोन्हीचं कारण एकच: दंडगोल प्रक्षेपण, म्हणजे दृश्य असं नळकांड्यावर गुंडाळून उलगडायची पद्धत.

कोकणकड्यासाठी मी कड्याच्या मधोमध उभी राहत नाही. कड्याच्या एका टोकाला जाते, म्हणजे समोरची अर्धी वाटी तिरकी दिसते. तीन-चार फोटो, ९०-१०० अंश, त्याहून जास्त नाही. आणि जोडताना सरळरेषी प्रक्षेपण (सरळ रेषा सरळच ठेवणारं) निवडते. ते १२० अंशांपुढे गेलं की फोटोच्या दोन्ही बाजू ताणून विचित्र होतात, पण शंभरच्या आत वाटी वाटीसारखीच दिसते. पूर्ण १८० अंश हवेच असतील तर दंडगोल घ्या आणि कड्याचा वेगळा फोटो सोबत ठेवा.

१२. एकच मित्र फोटोत दोनदा आला. अर्धा ढगही दोनदा आहे.

मित्राला फोटो संपेपर्यंत उभं राहायला सांगा. आधीच काढून झालं असेल तर हगिनच्या मास्कने एका फोटोतला मित्र झाका. सामाईक भागातली ती जागा दुसऱ्या फोटोतून भरली जाते. ढग ज्या दिशेने जातात त्याच दिशेने तुम्ही वळलात तर तोच ढग पुन्हा गाठ पडतो. वाऱ्याच्या उलट दिशेने फिरा, भरभर.

१३. सूर्यास्ताचा १८० अंश पॅनोरामा: एकीकडे सूर्य, दुसरीकडे काळोख. उजेड किती ठेवू?

रॉमध्ये, सूर्याच्या आजूबाजूचं आकाश जळणार नाही इतका. काळी बाजू नंतर उचलता येते. अंतर फारच असेल तर ट्रायपॉडवर प्रत्येक जागी तीन फोटो घ्या: एक नेमका, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). हगिन असे थर ओळखून एकत्र करतं. सूर्य ज्या फोटोत आहे त्यात तो मधोमध ठेवा, जोडावर नको.

१४. व्हॉट्सअॅपवर पाठवला की पॅनोरामा धुरकट होतो. फोनमध्ये तर छान दिसतो.

सगळी मेहनत मातीत जाते ती इथे, म्हणून हे जरा नीट सांगते. १८० अंशांचा पॅनोरामा सुमारे १९,००० पिक्सेल रुंद होतो. व्हॉट्सअॅप साधा फोटो लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सेलवर आणतं. २० किलोमीटरवर ५०० मीटर रुंदीचा डोंगरमाथा असेल तर मूळ फोटोत तो १५० पिक्सेलांचा असतो, त्यावरची बुरुजाची रेघसुद्धा ओळखू येते. पाठवल्यावर तोच माथा १३ पिक्सेलांचा उरतो. समोरच्याने कितीही मोठा केला तरी त्यात काही नाही. २०२३ मध्ये आलेला एचडी पर्याय बरा, पण तोही मूळ फोटो नव्हे.

उपाय सोपा आहे: फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंत फाइल जशीच्या तशी जाते. पण त्याआधी प्रश्न १७ वाचा.

१५. ग्रुपला सगळे मूळ फोटो द्यायचे आहेत. गुगल फोटोज चालेल?

चालेल, "ओरिजिनल क्वालिटी" निवडून. जागा वाचवणाऱ्या पर्यायात १६ मेगापिक्सेलच्या वरचं सगळं १६ वर येतं. ९५ मेगापिक्सेलचा पॅनोरामा त्यात जेमतेम ७,८०० पिक्सेल रुंद उरतो. १ जून २०२१ पासून फुकटची अमर्याद जागा संपली आहे, १५ जीबी मिळतात. म्हणून मी फक्त जोडलेले पॅनोरामा ड्राइव्हवर ठेवते आणि सुटे फोटो दोन हार्डडिस्कवर.

इन्स्टाग्रामसाठी पॅनोरामा ४:१ मध्ये कापा, ५४०० × १३५० वर आणा आणि १०८० रुंदीचे पाच तुकडे करा. सरकवत पाहिलं की सलग दिसतो. कापण्याची रेघ सुळक्यावरून जाऊ देऊ नका. रंग मरगळलेले दिसले तर फाइल एसआरजीबीमध्ये (पडद्यांसाठीची नेहमीची रंगपद्धत) काढा.

१६. सेव्ह करताना "फाइल फार मोठी" असं येतं.

जेपेग कोणत्याही बाजूला ६५,५३५ पिक्सेलपर्यंतच जातो, वेबपी १६,३८३ पर्यंत. फोटोशॉपच्या पीएसडीची मर्यादा ३०,००० आहे. पीएसबी निवडलं तर ३,००,००० पर्यंत जाता येतं.

१७. फोटोतून जागा कळते का?

कळते. फोन अक्षांश-रेखांश फोटोच्या आत लिहितो. व्हॉट्सअॅप साध्या फोटोतून ते काढून टाकतं, डॉक्युमेंटमधून नाही. गडाचं ठिकाण कळलं तर बिघडत नाही. पण गिधाडाचं घरटं, दुर्मीळ आमरी (ऑर्किड), ज्या वाटेला अजून गर्दी नाही असा झरा यांचे फोटो पाठवताना लोकेशन आधी पुसा. घरट्याजवळ पन्नास माणसं पोचायला एक फॉरवर्ड पुरतो.

१८. ड्रोनने काढला तर?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर त्या जागेचा रंग आधी पाहा. हिरवा असला तरी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित गडावर खात्याची परवानगी वेगळी लागते. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याची. पावसानंतर कड्यांवर पक्षी असतात. परवानगी असली तरी कड्याला घासून उडवू नका.

१९. केवढी प्रिंट काढता येईल?

भिंतीवर लावायची तर इंचाला २०० पिक्सेल पुरतात. १९,००० × ५,००० चा पॅनोरामा ९५ × २५ इंच, म्हणजे जवळजवळ आठ फूट. प्रिंट करणाऱ्याला "मापात बसवा" म्हणू नका. माझी एक प्रिंट तशी बसवताना दोन्ही टोकं छाटली गेली आणि एका टोकाला लिंगाणा होता. इंचात रुंदी आणि उंची दोन्ही लिहून द्या.

२०. फोटोत इतके डोंगर दिसतात. नावं कशी लावायची?

पीकफाइंडरसारखी ॲप्स उंचीच्या नकाशावरून रेषा काढून नावं देतात. सुरुवात तिथून करा, पण गडांची आणि सुळक्यांची नावं त्यात बरेचदा नसतात. मग पॅनोरामाच कामाला येतो.

दंडगोल प्रक्षेपणात आडवं अंतर म्हणजे थेट कोन. आपल्या पॅनोरामात साधारण १०६ पिक्सेल म्हणजे एक अंश. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून वायव्येला तोरणा आणि ईशान्येला सिंहगड हे दोन्ही नक्की ओळखता येतात. नकाशावर बालेकिल्ल्यापासून दोघांची दिशा अंशांत मोजा. फोटोत दोघांमधले पिक्सेल मोजा. भागाकार केला की तुमच्या फोटोचा नेमका हिशोब मिळतो. आता मधल्या अनोळखी टोकापर्यंतचे पिक्सेल मोजा, अंश काढा आणि नकाशावर बालेकिल्ल्यावरून त्या दिशेने पट्टी ठेवा. पट्टीखाली जे डोंगर येतात त्यातलाच एक तो. दुसऱ्या गडावरून काढलेला पॅनोरामा असेल तर तिकडूनही रेघ काढा. दोन रेघा जिथे छेदतात तिथे तो उभा आहे.

नावं मूळ फाइलवर लिहू नका, प्रतीवर लिहा. खाली जागा, तारीख, वेळ आणि कोणत्या दिशेला तोंड होतं हे टाका. खात्री नसलेल्या टोकापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. माझ्या राजगडाच्या पट्टीवर अशी चार प्रश्नचिन्हं होती. त्यातली तीन पायथ्याच्या गावातल्या एका आजोबांनी प्रिंट हातात घेऊन, बोट ठेवत सोडवली. चौथं अजून आहे. कोणाला ओळखता आलं तर जरूर कळवा.